धुऱ्यावरची बोर : काट्यांचा इतिहास आणि छाटणीचे शास्त्र



उन्हाळवाही सुरू झाली की वर्धा जिल्ह्यातून एक प्रश्न दरसाल येतो. शब्द थोडे इकडेतिकडे, पण मतलब एकच. "धुऱ्यावर बोरी माजल्या आहेत. पऱ्हाटीचे दोन-दोन तास त्यांच्या सावलीखाली जातात. बोरं लागतात ती वाटाण्याएवढी आणि निम्मी किडकी. जेसीबी लावून मुळासकट काढून टाकाव्या काय?"

प्रश्न रास्त आहे. जमीन ज्याची, तोटाही त्याचाच. पण उत्तर देण्याआधी आमचा एक उलट प्रश्न आहे. हीच बोर तुमच्या आज्याच्या वेळी धुऱ्यावर होतीच की नाही? तेव्हा ती माजत कशी नव्हती? तेव्हा तिला बोरं कशी लागत होती? याचं उत्तर सापडलं, तर बोर काढायची की ठेवायची हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल. म्हणून या पत्रकात आधी बोरीचा इतिहास सांगतो आणि मग छाटणीची रीत सांगतो. दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

बोरीची जुनी ओळख

बोर हे काही काल-परवा बाहेरून आलेलं झाड नव्हे. पुणे जिल्ह्यात घोडनदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून बरीच वर्षे उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांच्या वस्तीत जव-गव्हासारख्या धान्यांबरोबर बोराचे अवशेषही मिळाले. म्हणजे महाराष्ट्रात नांगर धरणारा माणूस आणि बोर यांची सोबत तेव्हापासूनची आहे.

संस्कृतात बोरीला बदरी म्हणतात. हिमालयातल्या बदरीनाथाच्या नावातली बदरी तीच. 'बदर' या शब्दाचेच प्राकृतात 'बोर' झाले आणि तो शब्द आपण आजही जसाच्या तसा वापरतो. जुन्या वैद्यकात फळाच्या आकारावरून नावे वेगळी केलेली आढळतात. मोठे ते सौवीर, मध्यम ते कोल आणि बारीक ते कर्कंधू. सर्व बोरे सारखी नसतात, काही झाडे मोठ्या फळांची असतात, ही निवड त्या काळच्या लोकांना चांगली ठाऊक होती, एवढे यावरून दिसते.

आपल्या भागातही गावांची नावे पाहा. वर्ध्याला लागून बोरगाव (मेघे) आहे. नागपूरच्या वाटेवर बुटीबोरी आणि बोरखेडी आहेत. बोरी नावाची गावे तर किती तरी सापडतील. संक्रांतीच्या सुगडात बोर लागते, लहान लेकराला बोरन्हाण घालायला बोर लागते, आणि शबरीची गोष्ट तर घरोघरी माहीत आहे. संक्रांतीचा आणि बोराचा मेळ उगाच नाही. पौष-माघ हाच बोर पिकण्याचा हंगाम.

मिठासाठी घातलेले कुंपण

आता बोरीच्या दुसऱ्या उपयोगाकडे वळू. तो उपयोग काट्यांचा.

"ज्या गावच्या बोरी त्याच गावच्या बाभळी" अशी आपल्यात म्हण आहे. आपण एकमेकांना पुरते ओळखून आहोत, असा तिचा अर्थ. पण ही दोनच झाडे म्हणीत जोडीने का आली असावीत? दोन्ही काटेरी, दोन्ही धुऱ्यावरची, आणि दोन्ही कुंपणाच्या कामाची. शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर ती नेहमी बरोबरच असायची.

या काट्यांचा सर्वांत मोठा आणि सर्वांत वाईट उपयोग इंग्रज सरकारने केला. मिठावरचा कर चुकवून मीठ इकडून तिकडे जाऊ नये, म्हणून एकोणिसाव्या शतकात देशाच्या मधून एक जकातीची सीमा आखली होती. पंजाबातून निघून ती खाली आपल्या जुन्या मध्यप्रांतापर्यंत येत होती. या सीमेवर शेकडो मैल काट्यांचे कुंपण घातले होते आणि ते आपल्या खानदेशाच्या शेजारी बऱ्हाणपूरपर्यंत पोचले होते. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत ज्यांचा हात होता ते अ‍ॅलन ह्यूम १८६७ ते १८७० या काळात या जकात खात्याचे कमिशनर होते.

सुरुवातीला हे कुंपण वाळलेल्या काट्यांचे होते. वाळवी लागे, वणवा लागे, वादळात उडून जाई. दरवर्षी मोठा भाग नव्याने घालावा लागे. म्हणून ह्यूम यांनी जिवंत कुंपणावर भर दिला. त्यात लावलेली झाडे आपल्या ओळखीचीच होती : बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग आणि थोर. खड्डे खणून, चांगली माती टाकून, पाणी घालून ती वाढवली आणि छाटून-छाटून दाट केली. गरिबाच्या मिठावर कर घेण्यासाठी ही एवढी मेहनत! १८७९ मध्ये ही सीमा बंद झाली. त्यानंतर कुंपणाकडे कोणी पाहिले नाही. कुठे ते तोडले गेले, कुठे वाळले, कुठे रान माजले. काही वर्षांतच लोकांच्या आठवणीतूनही ते गेले.

त्या कुंपणामागचा हेतू वाईट होता, पण शेतकऱ्याने त्यातून घेण्यासारखा एक धडा आहे. बोरीचे कुंपण हाताखाली असेल तोवरच ते कुंपण असते. छाटणारा हात थांबला की त्याचे रान होते.

आपल्या जिल्ह्यातली कुपाटी

वर्धा हा जिल्हा म्हणून १८६२ मध्ये नागपूरमधून वेगळा झाला. नंतरच्या काही वर्षांत रेल्वे आली, हिंगणघाटच्या कापसाचे नाव दूरवर गेले आणि पऱ्हाटीचे वावर वाढत चालले. पडीत जमीन वहितीखाली आली. वावराच्या मध्ये असलेली झाडे-झुडपे निघाली. बोर तेवढी धुऱ्यावर आणि नाल्याच्या काठी राहिली.

ती का राहिली? केवळ बोरं खायला नव्हे. कापूस-ज्वारीच्या वावराला गुराढोरांपासून राखायचे म्हणजे कुंपण हवे, आणि कुंपण विकत घ्यायची तेव्हा पद्धत नव्हती. शेतकरी धुऱ्यावरच्या बोरी-बाभळीच्या काट्या तोडत, लांब बेळक्याच्या काठीने ढकलत नेत, आणि वावराभोवती रचून वर दगड ठेवीत. मागच्या वर्षीच्या काट्या वाळवीने खाल्लेल्या असत किंवा चुलीत गेलेल्या असत. म्हणून पेरणीच्या आधी, म्हणजे चैत्र-वैशाखात, कुपाटी दरसाल नवी करावी लागे. सालदाराच्या वर्षभराच्या कामांत हे काम ठरलेले असे.

इथेच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. मंडळी, काट्या काढायच्या म्हणून दरवर्षी उन्हाळ्यात बोरीवर कुऱ्हाड चालत होती. बोरं संपलेली असत, पाने गळून गेलेली असत आणि झाड विसाव्यात असे. नेमक्या त्याच वेळी जुन्या फांद्या निघत. मिरगाचा पाऊस पडला की बोर नव्या धुमाऱ्यांनी फुटे आणि त्या नव्या फांद्यांवर बोरं लागत.

आज फळशास्त्र जी उन्हाळी छाटणी सांगते, तिचे निम्मे काम आपले आजे-पणजे कुपाटीच्या निमित्ताने करत होते. त्यांनी तिला छाटणी म्हटले नाही, काट्या काढणे म्हटले. म्हणूनच पुढच्या पिढीला हे कळले नाही की काट्यांबरोबर बोरांचीही सोय होत होती.

धुऱ्यावर उभे राहून नातू बोर उपटायची गोष्ट काढतो, तेव्हा म्हातारा माणूस म्हणतोच ना, "काहून रे बापू, बोरीले कायले उपटतं? आमच्या वक्ती दरसाल काट्या काढत होतो, म्हणून तिले बोरं लागत होते." नातू म्हणतो, "आबाजी, आता तार हाय. काट्या कोन काढन?" दोघांचेही खरे आहे, आणि आपल्या धुऱ्यांचा गेल्या पन्नास-साठ वर्षांचा इतिहास या दोन वाक्यांत आला.

तार आली आणि कुऱ्हाड थांबली

काटेरी तारेचे आजचे रूप अमेरिकेतले. तिथल्या जोसेफ ग्लिडन नावाच्या शेतकऱ्याने १८७४ मध्ये तिचे पेटंट घेतले. त्याआधी तिथल्या गवताळ मैदानांतही शेतकरी काटेरी झाडांचीच कुंपणे लावत. ओसेज ऑरेंज नावाचे झाड त्यासाठी प्रसिद्ध होते. ते दरवर्षी छाटून दाट ठेवावे लागे. तार स्वस्त झाली, छाटणी बंद पडली, आणि त्या कुंपणांची उंच झाडे होऊन बसली. आपल्याकडे जे घडले तेच तिकडे आधी घडले होते.

आपल्याकडे तार उशिरा आली. हळूहळू ज्याला परवडले त्याने तार ओढली. ज्याला परवडले नाही, त्यालाही काट्या काढायला माणूस मिळेना. सालदार कमी झाले. मजुरी वाढली, आणि ती वाढायलाच हवी होती. गुरेही कमी झाली. काट्यांचे काम मागे पडले, पण बोर वाढायची थांबली नाही. दहा-पंधरा वर्षे कुऱ्हाड लागली नाही की बोरीची बोराटी होते. आत वाळलेल्या काड्यांचा गुंता, बाहेर जमिनीला टेकलेल्या फांद्या, आणि फळ शेंड्याला. माणसाचा हात तिथे पोचत नाही, पाखराची चोच तेवढी पोचते.

यात नुकसान कोणाचे झाले? आठवडी बाजारात बोरं, उकडलेली बोरं, बोरकूट विकणाऱ्या बायकांचे झाले. ही मिळकत फार मोठी नव्हती, पण ती संक्रांतीच्या वेळची आणि बाईच्या स्वतःच्या हातातली होती. शिवाय दुष्काळात पऱ्हाटी बुडाली तरी बोर बुडत नसे. तिचे सोटमूळ खोल जाते, आणि कडक उन्हाळ्यात ती पानेच गाळून बसते, म्हणून पाण्यावाचून तग धरते.

वर्ध्याच्या मातीत ही हाताशी असलेल्या वस्तूची कदर करायची शिकवण जुनी आहे. १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ वर्ध्याला स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेत, मगनवाडीत, त्याचे काम जे. सी. कुमारप्पा यांनी चालवले. गावातले धान्य, गावातले तेल, गावातला पाला-भाजी यांची किंमत गावाला कळावी, हा त्या कामाचा गाभा होता. धुऱ्यावरच्या बोरीला हाच हिशेब लावून पाहिला पाहिजे.

बोर शास्त्राच्या हाती गेली

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बोरीचे नशीब पालटले, पण ते मुख्यतः दुसऱ्या जिल्ह्यांत. राजस्थान, हरियाणा आणि गुजरातच्या कोरड्या भागांत कलमी बोरांवर काम झाले. अलवरकडची 'उमराण' ही जात महाराष्ट्रात आली आणि सोलापूर, अहिल्यानगर भागात रुजली. 'कडाका', 'छुहारा' या जाती आल्या. जळगावचे मेहरुणचे बोर तर आधीपासूनच नावाजलेले होते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने कोरडवाहू फळझाडांत बोरीवर पुष्कळ काम केले.

१९७२ च्या दुष्काळाने कोरडवाहू शेतीचा विचार करायला सरकारलाही भाग पाडले. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला. पुढे १९९० मध्ये रोजगार हमीशी फळबाग लागवड जोडली गेली. त्या योजनेत बोरीचाही समावेश होता. हलक्या, मुरमाड जमिनीवर हजारो शेतकऱ्यांनी कलमी बोरी लावल्या. अलीकडच्या काळात सफरचंदासारख्या मोठ्या फळाची 'अ‍ॅपल बोर' आली. बाजारात ती उठून दिसते, मात्र चवीला गावठी बोराची आंबटगोडी तिला नाही, असे खाणारे सांगतात.

या कलमी बागा ज्यांनी नीट सांभाळल्या, ते सर्व जण एक गोष्ट दरवर्षी न चुकता करतात. द्राक्षवाले एप्रिलमध्ये करतात तशी छाटणी. ज्यांनी छाटणी सोडली, त्यांच्या कलमी बोरीही चार-पाच वर्षांत गावठी बोराटीसारख्याच झाल्या. जात कोणतीही असो, न छाटता बोर राखता येत नाही.

छाटणी का लागते

बोरीचा स्वभाव एका वाक्यात सांगता येतो. बोरीला फळ लागते ते त्याच वर्षी फुटलेल्या नव्या फांदीवर, पानाच्या बगलेत. जुन्या लाकडावर फळ नाही. नवी फांदी जितकी जोमदार, तितके फळ मोठे. छाटणी झाली नाही तर झाडाचा जोर शेकडो बारीक काड्यांत वाटला जातो. काडी बारीक, म्हणून बोरही बारीक. आत ऊन-वारा शिरत नाही, म्हणून भुरी रोग येतो आणि कोवळ्या फळांवर पांढरी पावडर बसून ती गळतात.

आज्याच्या कुऱ्हाडीत मात्र एक खोट होती, तीही सांगितली पाहिजे. ती काट्यांसाठी चाले, फळासाठी नव्हे. घाव वेडेवाकडे पडत, साल फाटे, कधी सगळ्याच फांद्या बुडाशी जात. वेळ बरोबर होती, हात मात्र सुधारायला हवा होता.

माजलेली बोर कशी आवरावी

वेळ. बोरं संपली, पाने पिवळी पडून गळू लागली की छाटणी करावी. आपल्याकडे एप्रिलच्या उत्तरार्धापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. त्यापुढे रेंगाळू नये. उशीर झाला की नवी फूट उशिरा, फुले उशिरा, आणि बोर बाजारात मागे पडते. पावसाळ्यात तर मोठी छाटणी करूच नये.

तयारी. आधी बोराटीखालचे गवत-कचरा लांब काठीने हलवून पाहावे. अशा गुंत्यात साप-विंचू असतात. पाखरांची घरटी पाहावीत. पायात बूट, हातात जाड मोजे आणि डोळ्यांवर चष्मा असावा. बोरीचा काटा डोळ्यात गेला तर जन्माचे नुकसान होते. काटा खोल रुतला तर धनुर्वाताचे इंजेक्शन घेण्यात हयगय करू नये. बारीक फांद्यांना छाटणीची कात्री, जाडीला आरी. कुऱ्हाड अगदी शेवटी.

पहिले काम, सफाई. वाळलेल्या, किडलेल्या, जमिनीला टेकलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढाव्यात. बुडातून निघालेले फुटवे काढावेत. कलमी झाड असेल तर कलमाच्या खालून आलेला प्रत्येक फुटवा गावठी समजावा आणि काढून टाकावा. तो ठेवला तर तोच झाड गिळतो.

दुसरे काम, सांगाडा. जमिनीपासून सुमारे अडीच फूट खोड मोकळे ठेवून त्यावर चारही दिशांना पसरलेल्या चार-पाच जाड फांद्या निवडाव्यात. बाकीच्या बुडाशी काढाव्यात. वावराच्या बाजूला झुकणारी फांदी आधी काढावी, म्हणजे पऱ्हाटीवरची सावली कमी होते.

तिसरे काम, मागच्या वर्षीच्या फांद्या. ठेवलेल्या सांगाड्यावर मागच्या हंगामात फुटलेली जी फांदी असेल, तिचे बुडापासून साधारण वीस डोळे ठेवून पुढचा शेंडा छाटावा. तिच्यावरच्या बारीक उपफांद्या काढाव्यात. दरवर्षीची नेहमीची छाटणी ती हीच. दर चार-पाच वर्षांनी निम्म्या फांद्या अगदी बुडाशी छाटून नव्या फुटीला जागा द्यावी.

जाड फांदी कापताना आधी खालच्या बाजूने थोडी आरी मारावी, मग वरून कापावी. म्हणजे फांदी तुटताना साल ओढत नाही. काप तिरपा ठेवावा. मोठ्या जखमांवर बोर्डो मलम लावावे. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी हे त्याचे प्रमाण. ते लोखंडी भांड्यात करू नये.

अगदीच हाताबाहेर गेलेली गावठी बोर असेल तर

अशा झाडाची वरवरची छाटणी करून उपयोग नाही. तिची खरड छाटणी करून जात बदलून घ्यावी. मे महिन्यात खोड जमिनीपासून सुमारे तीन फुटांवर आरीने सपाट कापावे आणि मलम लावावे. पावसाच्या तोंडावर भरपूर धुमारे येतात. त्यांतले चांगल्या जागेचे तीन-चार ठेवून बाकीचे खुडावेत. ते पेन्सिलीएवढे जाड झाले की जुलै-ऑगस्टमध्ये त्यांवर चांगल्या जातीचा डोळा भरावा. डोळा फुटल्यावर वरचा गावठी शेंडा काढावा.

एक वर्षाचे फळ बुडते, हे आधीच सांगून ठेवतो. म्हणून सगळ्या धुऱ्यावरच्या बोरी एकाच उन्हाळ्यात कापू नका. या वर्षी निम्म्या, पुढच्या वर्षी निम्म्या. जमिनीखाली जुने सोटमूळ तयारच असल्याने नव्या रोपापेक्षा हे झाड लवकर फळावर येते. विकत आणलेले रोप जगवायला जे पाणी लागते, ते इथे लागत नाही. हा आपल्या माजलेल्या बोरीचा सर्वांत मोठा फायदा आहे. ती मुळासकट उपटली तर हे आयते मूळ जाते आणि पुन्हा मिळत नाही.

डोळा भरायचा हात नसेल, तर सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा सहायक कृषी अधिकाऱ्यांकडे विचारावे. डोळकाडी ओळखीच्या, फळ चाखलेल्या झाडाचीच घ्यावी.

छाटणीनंतर

छाटणी झाली की झाडाखालची माती खणून उन्हात तापू द्यावी. बोरात अळी करणारी फळमाशी आहे, तिचे कोष याच मातीत असतात. हंगामात गळालेली किडकी बोरं रोज वेचून खोल पुरावीत. ती तशीच पडू दिली तर पुढच्या वर्षीचा किडा आपणच पोसला असे होते. पावसाच्या सुरुवातीला मोठ्या झाडाला चार-पाच घमेली चांगले कुजलेले शेणखत द्यावे. रासायनिक खत माती तपासून द्यावे. आर्वी, कारंजा, आष्टीकडच्या बरड जमिनीत झाडाभोवती आळे करून पाणी मुरवावे. हिंगणघाट, देवळीकडच्या भारी काळ्या जमिनीत उलट पाणी साचू न देता चर काढून बाहेर काढावे.

फुले आल्यावर ढगाळ हवेत भुरीवर लक्ष ठेवावे. पांढरी बुरशी दिसताच पाण्यात मिसळणारे ऐंशी टक्क्यांचे गंधक दहा लिटर पाण्यात २० ते २५ ग्रॅम घेऊन फवारावे, आणि गरज पडली तर पंधरा दिवसांनी पुन्हा फवारावे. कडक उन्हात गंधक फवारू नये.

काट्यांचे काय करावे

इतिहास इथे पुन्हा धुऱ्यावर येतो. आज आपल्या जिल्ह्यात गुरांपेक्षा रोही आणि रानडुकरांचा त्रास मोठा झाला आहे. पेरणीपासून कापणीपर्यंत रात्र-रात्र जागल करणारे शेतकरी आपल्याला माहीत आहेत. नुसत्या तारेखालून डुक्कर शिरते. छाटणीत निघालेल्या काट्या तारेच्या बुडाशी दाबून रचल्या तर ती फट बुजते. डुकरांचा बंदोबस्त एवढ्याने पुरता होतो असे आम्ही म्हणत नाही, पण जे फुकट मिळते ते पेटवून देण्यापेक्षा कुंपणाला लावलेले बरे. पाला शेळ्या आवडीने खातात. जाड लाकूड चुलीला किंवा अवजाराच्या दांड्याला होते.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. जनावरांसाठी म्हणून कुंपणात विजेचा थेट प्रवाह सोडू नका. त्यात रानातले जनावर मरते, तसेच पाणी द्यायला आलेला शेजारी आणि कधी कधी घरचेच माणूसही मरते. तो गुन्हा तर आहेच. काटा टोचतो, पण जीव घेत नाही. कुपाटीचा हाही एक गुण ध्यानात घ्यावा.

मग बोर ठेवायची की काढायची?

प्रामाणिक उत्तर असे. वावराच्या मधोमध, औताच्या वाटेत आलेली बोर काढायला हरकत नाही. अगदी पोकळ झालेली, खोड किडलेली काढावी. पण धुऱ्यावरची, नाल्याकाठची, निरोगी खोडाची बोर उपटण्याआधी एक उन्हाळा तिला कात्री लावून पाहा. दहा असतील तर दोनांवर करून पाहा. पुढच्या संक्रांतीला त्या दोन आणि उरलेल्या आठ यांची बोरं एका टोपलीत शेजारी शेजारी ठेवा, आणि मग निर्णय घ्या.

लक्षात ठेवण्यासारखे :

१. बोरीचे फळ नव्या फांदीवर. म्हणून छाटणी दरवर्षी.
२. वेळ एप्रिलचा उत्तरार्ध ते मेचा पहिला आठवडा, पानगळीच्या वेळी.
३. चार-पाच फांद्यांचा सांगाडा, मागच्या वर्षीच्या फांदीवर वीस डोळे.
४. हाताबाहेर गेलेली गावठी बोर मेमध्ये तीन फुटांवर कापा आणि पावसाळ्यात डोळा भरा.
५. किडकी बोरं पुरा, झाडाखालची माती उन्हात तापवा.
६. काट्या जाळू नका, कुंपणाच्या बुडाशी लावा.

घरात कोणी सत्तरी-ऐंशीचे आबाजी किंवा आजी असतील तर हे पत्रक त्यांना वाचून दाखवा. काट्या कोणत्या महिन्यात काढायचे, कोणत्या बोरीची बोरं मोठी असत, ते झाड कुठे होते, हे त्यांना विचारा. ते झाड अजून धुऱ्यावर असेल, तर डोळकाडी तिथलीच घ्या.

कार्यक्रम ऐकत राहा. रामराम.